खांबावरचा रिकामा डबा

१

चोर कितीही बावळट असला तरी चोरण्याजोगी वस्तू त्याला बरोबर कळते. किंबहुना वस्तूंची खरी किंमत या जगात कुणाला कळत असेल तर ती चोरालाच. गुन्ह्यांचा विचार करणाऱ्या थोरामोठ्यांचं यावर एकमत आहे. सोमवारी सकाळी नगररचना विभागात बातमी आली की उताराच्या गल्लीतल्या दिव्याच्या खांबावरून एक रिकामा डबा चोरीला गेला आहे, आणि थोरामोठ्यांना आपलं मत आवरतं घ्यावं लागलं.

रिकामा म्हणजे अगदी ठणठणीत रिकामा. पत्र्याचा, खांबाच्याच हिरव्या रंगात रंगवलेला, बुटांच्या खोक्याहून थोडा मोठा. खऱ्या डब्यात बिनतारी यंत्र असतं आणि त्यामुळे आसपासच्या फोनना रेंज मिळते. हा नुसता नमुना होता. आत हवा होती, तीही डब्याबरोबर गेली.

या डब्यांपायी शहराची नियमावली बदलायला घेतली होती. जुनी नियमावली लिहिली गेली तेव्हा फोनचं यंत्र म्हणजे माळावरचा उंच मनोरा, एवढंच लोकांना ठाऊक होतं. त्या नियमांनुसार प्रत्येक यंत्राभोवती कुंपण, कुंपणाला फाटक आणि फाटकाशी पहारेकरी सक्तीचा होता. बुटांच्या खोक्याला हे लावायचं तर पहारेकऱ्याला खांबावरच लटकावं लागलं असतं. म्हणून नवा मसुदा तयार झाला: डबा किती उंचीवर असावा, कुठल्या रंगाचा असावा, कुणाच्या खिडकीपासून किती लांब असावा.

आणि विभागाची एक जुनी रीत होती. रस्त्यावर काहीही नवं आणायचं तर आधी त्याचा नमुना महिनाभर लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवायचा, मग सुनावणी, मग मंजुरी. नमुन्याला मध्येच कुणी हात लावला तर? तेही ठरलेलं होतं. रहिवाशाने लावला तर ती त्याची हरकत समजून सुनावणीत ऐकून घ्यायची आणि पुढे जायचं. ठेकेदाराच्या माणसाने लावला तर त्याला पालिकेच्या कामातून कायमचं बाद करायचं आणि पुढे जायचं. कोणी लावला हेच कळलं नाही, तर महिना पुन्हा पहिल्यापासून.

सुनावणी शुक्रवारी होती.

साहेबांनी चौकशीबाईंना बोलावलं. त्या विभागातल्या साध्या उपनियोजक. पण फार वर्षांपूर्वी त्यांनी विभागातला हरवलेला टेबलपंखा साहेबांच्याच घरी शोधून काढला होता, तेव्हापासून हे नाव त्यांना चिकटलं होतं आणि बढती चिकटायची राहून गेली होती. ते साहेब निवृत्त झाले. हे नवे होते आणि पंखा स्वतःचा आणत.

"ठेकेदाराचा फिटर," साहेब म्हणाले. "ज्याने डबा बसवला तोच. शिडी त्याच्याकडे, पाने-पक्कड त्याच्याकडे. रविवारी दुपारी त्याची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी उभी होती."

"पण रिकामा डबा तो कशासाठी चोरेल?"

"ते तुम्ही शोधा. कोणी चोरला ते मी सांगितलं, कशासाठी ते तुम्ही सांगा. सगळं मीच करायचं का?"

बाई उठल्या. फिटर हा या प्रकरणातला सर्वांत स्वस्त गुन्हेगार होता. त्याच्यामागे ना समिती, ना कंपनी, ना साहेब. शुक्रवारपर्यंत दुसरा कोणी सापडला नाही तर तोच चोर ठरणार होता, मग त्याने चोरलं असो वा नसो.

२

फिटर पालिकेच्या भांडाराच्या अंगणात केबलच्या गुंडाळीवर बसला होता. तिशीतला, हाताला जुन्या भाजल्याचे डाग. बाई दिसताच उभा राहिला, मग पुन्हा बसला. उभं राहून आता काय फायदा, असा त्याचा चेहरा होता.

"रविवारी गल्लीत काय करत होतास?"

"झोपलो होतो. व्हॅनमध्ये. घरी मेव्हणे आलेत बाई, चार पोरांसह. झोपायला व्हॅनच उरली आहे. त्या कोपऱ्यावर सावली असते."

"कुणी पाहिलं?"

"झोपलेल्या माणसाला कोण बघतं? मी जागा असतो तरी कोणी बघत नाही."

बाईंनी नोंदवहीत काही लिहिलं नाही. त्या दुसरंच काहीतरी विचारत, ही त्यांची पद्धत होती. "बायको काय म्हणाली?"

"ती म्हणाली, घेतला असशील तर दाखव तरी, धान्य ठेवायला होईल." तो हसला नाही. "बाई, मला खांबाशिवाय काही येत नाही. वर चढलो की शहाणा, खाली उतरलो की येडा. पालिकेने बाद केलं तर या शहरात खांब कुणाचे आहेत? सगळे पालिकेचेच."

"मग मला काहीतरी दे. तू नाहीस हे मी कशावरून सांगू?"

त्याने बराच विचार केला. "माझं काम बघा," तो शेवटी म्हणाला. "मी डबा उतरवला की खाली वायसर सांडतात, टेपचा तुकडा पडतो, एखादा बोल्ट नाल्यात जातो. सगळ्यांचंच तसं असतं. सोमवारी मी जाऊन बघितलं तर खाली काही म्हणजे काही नाही. चारही बोल्ट घेऊन गेलाय. खांबावर पट्टा आवळला होता तिथली धूळसुद्धा पुसलेली. एवढं स्वच्छ काम आमच्यात कोणी करत नाही बाई. शपथेवर सांगतो."

चौकशीबाईंनी आयुष्यात अनेक बचाव ऐकले होते, पण आपल्या गबाळेपणाला साक्षीला बोलावणारा माणूस त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. आणि दुर्दैव असं की त्यांना ते पटलं. साहेबांना पटणार नव्हतं.

"शिडी?"

"व्हॅनच्या टपावर, कुलूप लावून. अन् शिडी टेकवली की खांबाचा रंग खरवडतो, हे ठरलेलं. तुम्ही जाऊन बघा. मी बसवताना टेकवली होती तिथला ओरखडा आहे. त्याच्यावर दुसरा ओरखडा नाही."

बाईंनी जाऊन पाहिलं. ओरखडा एकच होता, जुना, कडेला गंज धरू लागलेला. म्हणजे दोन माणसांच्या उंचीवरचा डबा खाली आला होता, आणि वर कोणीच चढलं नव्हतं.

३

"माझं डोकं दुखायचं," गल्ली समितीच्या अध्यक्ष वहिनी म्हणाल्या. त्या तळमजल्यावर राहत आणि सगळ्या मजल्यांचं बघत. "डबा लागला त्या दिवसापासून. इथून, कपाळाच्या मधोमध. यांचे गुडघे. समोरच्यांच्या कुत्र्याने खाणं सोडलं."

त्यांचे यजमान आरामखुर्चीत बसून होते. गुडघ्यांचा उल्लेख झाल्यावर त्यांनी गुडघ्यांकडे पाहिलं, जणू ही बातमी त्यांना नवीन होती.

"डबा रिकामा होता, वहिनी," बाई म्हणाल्या. "तशी पाटी होती खांबावर."

"असं कंपनी म्हणते. रिकामा होता तर गेल्यावर एवढी धावपळ कशाला?"

बाईंनी विषय बदलला. "रविवारी दुपारी तुम्ही सगळे कुठे होतात?"

"सभागृहात. सभा होती ना. झाडून सगळी गल्ली आली होती."

"कशाबद्दल?"

"डब्याच्या निषेधाची."

म्हणजे डबा चोरीला जात होता तेव्हा अख्खी गल्ली आत बसून डबा हटवा म्हणत होती. लोकशाहीत मागणी आणि पूर्तता यांच्यात इतकं कमी अंतर बाईंनी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे झाडून सगळे?"

"सगळे. म्हणजे वरचे काका खुर्च्या मांडून देऊन गेले, त्यांना गर्दीत घुसमटतं. त्यांना काय बोलणार? आमच्यात डब्यामुळे कुणाचं भलं व्हायचं असेल तर ते त्यांचंच. मुलगा परदेशात. गल्लीत रेंज नाही म्हणून त्याचा फोन लागत नाही बिचाऱ्याचा. डबा लागला तेव्हा म्हटलं, चला, आमची डोकी दुखोत, काकांचं तरी काम झालं. रोज विचारायचे सगळे. दूधवाला, पेपरवाला, मी. काका, आला का मुलाचा फोन?"

"मग? काय म्हणायचे?"

"हसायचे. फार संकोची माणूस."

बाईंच्या मनात आलं की एकाच रिकाम्या डब्यातून वहिनींना डोकेदुखीही मिळत होती आणि काकांना रेंजही. श्रद्धेला आत काही असावं लागत नाही.

"आता बरं वाटतंय का? डोकं?"

"छे. आता दिवा डोळ्यांत येतो. तोच, खांबावरचा. इतकी वर्षं कधी आला नाही. रविवार संध्याकाळपासून नुसता भगभगतोय खिडकीत. डबा गेला तरी असर मागे राहतो म्हणतात ना."

बाहेर कंपनीचा टायवाला उभा होता. कंपनीने त्याला समन्वयासाठी नेमलं होतं आणि तो भेटेल त्याच्याशी समन्वय करत असे.

"मॅडम, आमच्याकडून काही अडचण नाही. तुम्ही फिटर म्हणा, आम्ही मान्य म्हणतो."

"आणि फिटर नसेल तर?"

"तर जो असेल तो म्हणा. आम्हाला फक्त शुक्रवार हवाय. महिना पुन्हा सुरू झाला तर वरचे लोक मला खाली पाठवतील." त्याने टाय सैल केला. "डबा पाहिजे तर असे दहा देतो. पत्र्याचाच आहे."

बाईंनी वर पाहिलं. खांबाच्या बरोबर समोर, शेवटच्या मजल्यावर एक खिडकी उघडी होती. त्यांची नजर जाताच आतला पडदा कुणीतरी ओढून घेतला.

४

वरच्या काकांची एकच खोली होती आणि तिच्यात एकही वस्तू वाकडी नव्हती. चहाची भांडी आकाराने रांगेत. चपला भिंतीला समांतर. खिडकीशी एका स्टुलावर घडी केलेल्या रुमालावर फोन, चार्जरला जोडलेला. आजारी माणसाला औषधाची बाटली जशी हाताशी ठेवतात तसा.

"पडदा मीच ओढला," काका आपणहून म्हणाले. "ऊन येतं." ऊन पलीकडच्या बाजूला होतं.

भिंतीवर एक फोटो टांगला होता: गणवेशातली दोन तरुण माणसं आणि मध्ये एक दिव्याचा खांब. फोटो तिरका वाटला म्हणून बाईंनी बोलता बोलता हात लावून तो सरळ केला. तेव्हा माणसं तिरकी झाली. त्यांनी तो पुन्हा होता तसा ठेवला.

"पालिकेत होतात का काका?"

"दिवाबत्ती खात्यात. खातं गेलं, आता ठेका आहे." ते चहा गाळत होते, कपाच्या कडेला थेंबही न लागू देता. "हा उजवीकडचा मी. माझ्याकडे या उतारावरच्या पाचही गल्ल्या होत्या."

"आणि मुलगा?"

"त्याच्याकडे खांब नाहीत. कॉम्प्युटर आहे." काका हसले. "मोठ्या हुद्द्यावर आहे. खूप काम. फोन करायचा प्रयत्न करतो बिचारा, पण इथे रेंजच नाही ना. त्याला तिकडे काय समजणार, इकडे वाजतच नाही ते."

बाईंना आपली मुलगी आठवली. ती परदेशात नव्हती, दुसऱ्या शहरात होती, आणि तिच्याकडे रेंजची काही तक्रार नव्हती. 'कामात आहे आई, करते' असा तिचा निरोप यायचा आणि त्याखाली हसरा चेहरा. बाई तो चेहरा बऱ्याच वेळा बघत.

पर्समधला फोन वाजला. साहेब होते. फिटरची फाइल तयार करून ठेवली आहे, बाईंची फक्त सही हवी आहे, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी अजून चौकशी चालू असल्याचं सांगितलं. साहेब म्हणाले, चौकशी चालू असतानाही सही करता येते, पेन तेच लागतं. बोलणं बराच वेळ चाललं. काका मध्येच उठले, बंद असलेला गॅस बंद आहे ना ते बघून आले आणि पाठमोरे उभे राहिले.

"येते काका," बाई फोन ठेवून म्हणाल्या.

"या."

गाळलेला चहा तसाच राहिला, तरी त्यांनी घ्या म्हटलं नाही. आतापर्यंत प्रत्येक गोष्टीत नीटनेटका वागलेला माणूस एकाएकी घाईला आला होता.

खाली गल्लीत आल्यावर बाईंना आठवलं की सुनावणीच्या खोलीचं साहेबांना विचारायचं राहिलं. त्यांनी फोन काढला. रेंज नव्हती. चार पावलं पुढे गेल्या, मागे आल्या, हात वर केला. गल्ली तळाशी खरोखरच मुकी होती.

मग त्यांनी मान वर करून त्या शेवटच्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे बसून त्या आत्ताच इतका वेळ बोलल्या होत्या, आणि साहेबांचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला होता.

५

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला त्यांनी फिटरला गल्लीत बोलावून घेतलं.

दिवे लागले. उतारावर एकापाठोपाठ एक, धुळकट, पिवळट, जुन्या काचेतून कष्टाने बाहेर पडणारे. आणि मध्ये एकच दिवा पांढरा लख्ख, आत्ताच आंघोळ करून आल्यासारखा.

"हा नवीन बसवलाय का?" बाईंनी विचारलं.

"नाही. सगळे एकाच वेळचे. याची काच कोणीतरी पुसली आहे." फिटर जवळ जाऊन वर बघत राहिला. "आतून बाहेरून. पण का पुसेल कोणी? कुणी सांगितल्याशिवाय?"

वहिनींच्या डोळ्यांत येत होता तो डब्याचा असर नव्हता. तो नुसता स्वच्छ उजेड होता. त्यांनी तो बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता, एवढंच.

बाई खांबाजवळ गेल्या. छातीच्या उंचीवर रंगाच्या थराखाली एक जाड सांधा होता, कमरेला पट्टा बांधल्यासारखा. रंगाला तिथे बारीक नवी भेग गेली होती. भेगेत बोट फिरवलं तर बोटाला तेल लागलं.

"हा खांब वाकतो का रे?"

"खांब कुठे वाकतो बाई?" फिटर म्हणाला, आणि मग त्याने सांधा पाहिला. पाना काढला, एक मोठा बोल्ट सैल केला, खांबाच्या वरच्या भागाला हलकेच ओढ दिली. सगळा वरचा भाग, दिव्यासकट, सावकाश, अदबीने झुकत खाली आला. खालच्या टोकाला आत वजन होतं, म्हणून एका हाताने झेपत होतं. दिवा फिटरच्या छातीशी येऊन थांबला.

फिटरने दिव्याच्या काचेवरून बोट फिरवलं. "चार वर्षं मी असल्या खांबांवर शिडी लावून चढतोय," तो म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं नाही?"

"ज्यांना माहीत होतं त्यांचं खातं बंद केलं. सांगणार कोण?"

बाईंना तो फोटो आठवला. फोटो तिरका नव्हताच, खांब वाकलेला होता. दोन तरुण माणसं, छातीशी आलेला दिवा, आणि उजवीकडच्या माणसाच्या हातात फडकं. दिवा खाली आणला की वर पाठवण्याआधी काच पुसायची. त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. चोरी करतानासुद्धा त्या हातांना ते सुटलं नव्हतं.

कोणी, ते कळलं होतं. कशासाठी तेही, त्या वाजलेल्या फोनमुळे, कळू लागलं होतं. साहेबांना हवं होतं ते सगळं हातात होतं, आणि बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच आपण टेबलपंख्यापाशी थांबलो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

६

काकांनी दार उघडलं आणि बाईंच्या बोटावरचं तेल पाहिलं.

"बसा," ते म्हणाले. पलंगाखाली वाकून त्यांनी एक गाठोडं काढलं. जुन्या गणवेशाचं कापड होतं, आत हिरवा डबा, एक ओरखडा नाही, आणि कागदाच्या पुडीत चार बोल्ट, पुसून तेल लावलेले.

"परत द्यायचाच होता. सुनावणी झाली की खांबाखाली ठेवणार होतो."

बाई बसल्या. "काका, इथे रेंज आहे."

"आहे. पहिल्यापासून आहे. खाली नाही, वर आहे." त्यांनी स्टुलावरच्या फोनकडे पाहिलं नाही. "मुलगा वाईट नाही हो. असं कुणाला वाटू नये. लहानपणी माझ्याबरोबर फिरायचा, फडकं धरायला. पण माणूस लांब गेला की... आधी रोज करायचा. मग रविवारचा. मग मी लोकांना सांगायला लागलो, तिकडे तेव्हा रात्र असते. मग म्हटलं, नवी नोकरी आहे. मग रेंज नाही म्हणायला लागलो. हे बरं होतं. यात त्याचाही दोष नाही, माझाही नाही. कुणाचाच नाही."

"आणि मग डबा लागला."

"लागला. पाटीवर लिहिलंय नमुना, पण वाचतो कोण? सकाळी दुधाला खाली उतरलो की, काका आला का फोन? पेपर घ्यायला गेलो की, काका आता काय, रोज बोलणं होत असेल. प्रेमाने विचारायचे सगळे. वाईट विचारलं असतं तर उत्तर देता आलं असतं." त्यांनी पुडीतला एक बोल्ट सरळ केला. "मी दूध आणणं बंद केलं. काळा चहा प्यायला लागलो. मग वाटलं, हे काय, एका पत्र्याच्या डब्याला आपण घाबरतोय? रविवारी सगळे सभेला गेले. खांब आपलाच होता."

"तुम्हीच फोन करा ना काका त्याला. कधीतरी."

"करतो की. करायचो. तो म्हणायचा, बाबा, कामात आहे, करतो." काका हसले. "तुम्हाला मुलंबाळं? फोन करतात का?"

"मुलगी आहे. करते," बाई म्हणाल्या.

"रोज?"

"वेळ मिळाला की."

काकांनी मान हलवली. त्यांनी पुढे विचारलं नाही. दिवाबत्ती खात्यातल्या माणसाला, काच कुठवर पुसायची आणि कुठे हात लावायचा नाही, हे कळत असावं.

मग बाईंनी त्यांना फिटरचं सांगितलं. मेव्हणे, व्हॅन, तयार असलेली फाइल, सगळे खांब पालिकेचे.

काकांचा चेहरा उतरला. "मला वाटलं मुलं घेऊन गेली असतील म्हणतील. नाहीतर चोर. फिटरवर जाईल असं नाही वाटलं. खांबावरच्या माणसाच्या पोटावर मी पाय दिला?" ते उठून खिडकीशी गेले. "सांगतो मी. शुक्रवारी येऊन सांगतो, मी काढला."

"ते पुरेल. रहिवाशाने काढला तर ती हरकत होते, शिक्षा होत नाही. पण का काढला, ते विचारतील काका. सगळ्या गल्लीसमोर विचारतील."

काकांनी पडदा बाजूला केला. खाली दिव्याचा लख्ख गोल रस्त्यावर पडला होता, आणि वहिनींची खिडकी बंद होती.

७

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. काकांनी या वेळी खुर्च्या मांडल्या नाहीत. दुसऱ्या कोणीतरी मांडल्या आणि त्या वाकड्या होत्या.

साहेबांनी फाइल उघडली आणि फिटरचं नाव वाचण्यासाठी घसा साफ केला. फिटर दाराशी उभा होता, पडलो तर बाहेर पडावं अशा बेताने. तेवढ्यात मागच्या रांगेतून काका उठले, गाठोडं घेऊन पुढे आले आणि डबा टेबलावर ठेवला. शेजारी बोल्टची पुडी ठेवली.

"मी काढला," ते म्हणाले.

चौकशीबाईंनी खाली पाहिलं. त्यांना बघवत नव्हतं.

"का काढला?" साहेबांनी विचारलं.

काकांनी सभागृहावरून एकदा नजर फिरवली. दूधवाला, पेपरवाला, वहिनी, वहिनींचे यजमान आणि त्यांचे गुडघे.

"डोकं दुखायचं," काका म्हणाले.

टाळ्या सुरू झाल्या. वहिनींनी सुरू केल्या. टायवाला उठून, हा बघा, उघडून दाखवतो, आत काही नाही, असं सांगत होता. त्याने खरंच झाकण उघडलं. आत काही नव्हतं. "आता कसं असेल? काढून घेतलं असणार," मागून कोणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं.

हरकत नोंदवली गेली. एका वृद्ध रहिवाशाला स्वतः उतरवावा लागला इतका हा डबा त्रासदायक, म्हणून खिडकीपासूनचं अंतर दुप्पट करण्यात आलं. साहेबांनी फिटरची फाइल कपाटात ठेवली, बिनसहीची. फिटर काकांजवळ आला, त्यांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला आणि त्याला जे म्हणायचं होतं त्याऐवजी म्हणाला, "काका, तो सांधा एकदा नीट दाखवा ना." काका म्हणाले, "ये की. संध्याकाळी मी घरीच असतो."

बाहेर पायऱ्यांवर वहिनींनी काकांना गाठलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"काका, आमच्या सगळ्यांसाठी तुम्ही मुलाचा फोन सोडलात. आता रेंज काय येणार नाही गल्लीत."

"नाही येणार," काका म्हणाले. "त्याला तरी काय बोलणार? त्याचा काय दोष?"

ते उताराला लागले. वाटेत दूधवाला भेटला आणि त्याने काही विचारलं नाही, नुसती मान लववली. काकांनी त्याच्याकडून दुधाची पिशवी घेतली.

चौकशीबाई पायरीवर उभ्या होत्या. टायवाला डबा काखेत मारून गाडीकडे निघाला होता. शुक्रवार साधला म्हणून खुशीत होता.

"दुप्पट अंतराने तुमचं नुकसान झालं असेल," बाई म्हणाल्या. "उताराच्या गल्लीत आता एकाही खांबावर डबा बसणार नाही. सगळ्याच खांबांसमोर खिडक्या आहेत."

"नुकसान कसलं? त्या गल्लीत आम्ही डबा बसवणारच नव्हतो, मॅडम. तिथे गिऱ्हाइकं किती? ते गेल्या वर्षीच ठरलं होतं."

"मग नमुना तिथे का लावला?"

"तुमच्या ऑफिसातून पायी जाता येतं," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, जवळ कुठेतरी लावा."